पाण्याचा पत्ता

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या अमरावतीच्या भागात साठीच्या पुढचा माणूस सायकलवर दिसला, की लोकांना त्याची कीव येते. मागच्या जानेवारीत पाच दिवस मी सायकलवर होतो आणि त्या पाच दिवसांत एकच प्रश्न मी एवढ्या वेळा ऐकला, की शेवटी समोरचा तोंड उघडायच्या आधीच मी उत्तर द्यायला लागलो. "मास्तर, गाडी बिगडली काय?" नाही हो, गाडी घरी उभी आहे, मजेत आहे. "मंग काऊन हे?" हे 'काऊन' मात्र जड जायचं. आज तुमच्याशी बोलायला बसलोय ते त्याच 'काऊन'चं उत्तर द्यायला.

याचं मूळ माझ्या भाच्यात आहे. तो कामानिमित्त फ्रान्सला गेला आणि तिकडं सायकलवर हिंडायला लागला. फ्रान्सच्या अगदी दक्षिणेला, स्पेनच्या सीमेला लागून रूसियों नावाचा भाग आहे. पिरेनीज पर्वताची रांग तिथं थेट भूमध्य समुद्रात उतरते. भाचा फोनवर सांगत होता : मामा, मागं कानिगू नावाचं २,७८४ मीटरचं शिखर, त्यावर बर्फ. मधे द्राक्षाच्या बागा, त्याही डोंगरउतारावर, दगडी बांध रचून पायऱ्या पायऱ्यांच्या. आणि पुढं निळा समुद्र. डोंगर, बाग आणि किनारा, सगळं दोन-तीन दिवसांच्या सायकलीत. वारा तेवढा वाईट. वायव्येकडून येतो, त्याला त्रामोंतान म्हणतात, आणि कधी कधी माणसाला सायकलवरून उतरायला लावतो.

ही गोष्ट मी माझ्या मित्राला सांगितली. मित्र म्हणजे आमच्या गावचे निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं त्यांनी सायकलवर डाक वाटली. ते पान लावता लावता म्हणाले, "डोंगर आपल्याले हाये. द्राक्ष नाई तं संत्रा हाये. अन् समुद्र म्हनसान तं सिंभोऱ्याचं धरन हाये. पाच देश ओलांडाची काय गरज?"

म्हणून आम्ही निघालो. अचलपूरकडून आधी वर चिखलदऱ्याला, मग उतरून चांदूरबाजार, रिद्धपूर, मोर्शी, वरूड, शेंदूरजनाघाट, आणि परतताना मोर्शीजवळ सिंभोऱ्याला, अप्पर वर्धा धरणाच्या काठावर. पोस्टमनभाऊंची सायकल तीच जुनी, काळी, बावीस इंची, मागं लोखंडी कॅरिअर. माझी गेरची. मुलानं घेऊन दिलेली. ती घेतली तेव्हा गावात कुजबूज झाली होती, की मास्तरांनी पेन्शनचं काय केलं पाहा.

अचलपूरच्या स्टेशनाजवळून निघताना गवतात बुडालेले शकुंतलेचे रूळ दिसले. मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी आता बंद आहे. चालू होती तेव्हा तिचीही चाल आमच्यासारखीच होती. पळत्या गाडीतून उतरून, बोरं वेचून, पुन्हा चढणारी पोरं मी माझ्या वर्गात शिकवली आहेत. निदान ती तसं सांगायची.

आता घाट. परतवाड्याहून धामणगाव गढीपर्यंत रस्ता बरा सपाट आहे. तिथून डोंगर सुरू होतो. अचलपूर समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा १,११८. म्हणजे साडेसातशे मीटर चढ पायांनी चढायचा. इथं गेर म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की गेर असला की जोर लागत नाही. पोस्टमनभाऊंच्या सायकलीला पायडलाचा एक पूर्ण फेरा दिला की ती साधारण साडेपाच मीटर पुढं जाते. माझी सायकल सगळ्यात हलक्या गेरवर एका फेऱ्यात कशीबशी दोन मीटर जाते. चढायचा डोंगर तेवढाच, पण मी तो बारीक हप्त्यांत फेडतो आणि त्यांना रोख द्यावा लागतो. पाय दोघांचेही भरून येतात. माझे जरा उशिरा, एवढाच फरक.

पोस्टमनभाऊ हप्त्यांच्या भानगडीत पडले नाहीत. पहिल्या मोठ्या चढाला उतरले आणि ढकलायला लागले. "तुमी गेर बदलवत बसा, मी तं पायी येतो." आणि खरं सांगू? कित्येक ठिकाणी ते ढकलत माझ्या बरोबरीनं चालत होते. मी घामाघूम होऊन पायडल मारतोय आणि बाजूला हे विडी ओढत गप्पा मारतायत.

घाट लागायच्या आधी त्यांच्या सायकलीची कॉटरपिन, म्हणजे पायडलाचा दांडा धरून ठेवणारी खीळ, सैल झाली होती. प्रत्येक फेऱ्याला टक, टक आवाज. जुन्या सायकलवाल्यांना हा आवाज दुखऱ्या दातासारखा माहीत असतो. पायथ्याच्या गावात एका दुकानदारानं हातोडीनं पिन ठोकली, नट आवळला आणि पैसे घेतले नाहीत. "काका, माया बापाची सायकल अशीच वाजे," एवढंच म्हणाला. आता त्याच्याकडं सगळं काम मोटारसायकलींचं. सायकलीची पिन मात्र अजून एका डब्यात जपून ठेवलेली.

वर चढताना मला १८०३ ची लढाई आठवत होती. शाळेत शिकवताना ती एका वाक्यात संपायची : डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीनं चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला घेतला. पण स्टीव्हन्सन नावाच्या कर्नलच्या तुकडीनं जड तोफा डोंगरदऱ्यांतून ओढत गडाच्या उत्तर बाजूला नेल्या होत्या, कारण मारा करायला सोपी बाजू ती होती. तीसेक मैल. वाट नव्हती, ती करत करत. पाठीवर चार किलोची पिशवी घेऊन चढणाऱ्या माणसाला तोफ ओढणाऱ्यांची हालत जरा जास्त कळते. त्या ओढणाऱ्यांची नावं कुठल्या धड्यात नाहीत. मीही कधी विचारली नव्हती.

मोथा गावाच्या अलीकडं चार-पाच कोरकू आदिवासी पोरांनी आम्हाला गाठलं. एकानं न विचारता माझ्या कॅरिअरला हात लावला आणि ढकलायला लागला. बाकीची त्याच्या मागं. मी माझी पहिली काही वर्षं मेळघाटात मास्तरकी केली आहे. कोरो म्हणजे माणूस आणि कोरकू म्हणजे माणसं, हे मला तिथल्या पहिलीच्या पोरांनी शिकवलं. त्यांची भाषा मुंडा कुळातली. मराठीशी तिचं नातं नाही, हिंदीशीही नाही. सहा वर्षांचं पोर शाळेत यायचं आणि मास्तर त्याच्याशी एका अनोळखी भाषेत बोलायचा, तो मास्तर मी. होळीनंतर याच रस्त्यांवर बाया-पोरं गाड्या अडवून फगवा मागतात. जानेवारीत फगवा नव्हता, तरी मी पोरांना शेंगदाण्याचे लाडू दिले. त्यांनी ढकलणं चालूच ठेवलं. म्हणजे ती लाडवासाठी ढकलत नव्हती, उशिरा कळलं.

मोथ्याला गवळ्यांची वस्ती. गाविलगडाचं नावच गवळ्यांवरून पडलं असं सांगतात. इथं दूध घट्ट मिळतं आणि आता शेतात स्ट्रॉबेरीही दिसते. चिखलदऱ्याला पोचलो तेव्हा चार वाजले होते. भीमानं कीचकाला मारून टाकलं ती कीचकदरा, म्हणून चिखलदरा, ही गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. कॉफीची झाडंही आपल्या राज्यात ह्याच थंड हवेच्या ठिकाणी. रात्री मात्र थंडीनं आम्हाला कीचकासारखं धरलं. दोघांत एकच रग आणला होता, आणि तो कोणी आणायचा होता यावर आमचं एकमत अजून झालेलं नाही.

एक सूचना करतो, रागावू नका. हा वाघाचा मुलूख आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. सायकल घेऊन आतल्या जंगलरस्त्यांवर घुसू नका. नाक्यावर विचारा, नाही म्हणाले तर नाही. आणि अंधाराच्या आत गावात पोचा. सायकलीला आवाज नसतो. अस्वलाला तुम्ही दिसण्याआधी ऐकू आलेलं बरं असतं, म्हणून पोस्टमनभाऊ वळणावळणावर घंटी वाजवत होते. डाक आली, म्हणे.

उतरताना हात दुखतात. ब्रेक सारखा दाबून धरला की रिम तापते, रबर घासतं. थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. जे चढायला अख्खा दिवस गेला ते तासाभरात संपलं, आणि मला ते फुकट गेल्यासारखं वाटलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर इथं आलोय ती सांगतो.

तिसऱ्या दिवशी परतवाड्याहून चांदूरबाजार, तिथून रिद्धपूरमार्गे मोर्शी. दिवसभरात साठेक किलोमीटर झाले असतील. रिद्धपूर म्हणजे गोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांचं. आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठही झालं आहे. या रस्त्यावर घाट नाही, डोंगर नाही. दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या, तूर, हरभरा, मधे मधे संत्र्याचे बगीचे. सकाळी शाळेच्या पोरी सायकलींवर येत होत्या. मानव विकास मिशनमधून आठवी ते बारावीच्या पोरींना सायकली मिळतात, त्या. आम्हा दोघांना त्यांनी अशा झपाट्यानं मागं टाकलं, की एक जण जाता जाता म्हणाली, "आजोबा, बाजू!" आमच्या भागात आज सायकल जिवंत ठेवली असेल तर या पोरींनी.

तर या सपाट रस्त्यावर, चांदूरबाजार आणि मोर्शीच्या मधे कुठंतरी, जमीन जरा वर येते आणि पुन्हा खाली जाते. मोटारसायकलवर तुम्हाला ते कळणारच नाही. मी याच रस्त्यानं शंभर वेळा गाडीवर गेलो असेन. सायकलवर मात्र पायाला कळतं. अर्धा तास पायडल थोडं जड, आणि मग, वारा बदललेला नसताना, ते हलकं होतं. मी थांबलो. पोस्टमनभाऊंना म्हटलं, बघा, आपण पाणलोटाची हद्द ओलांडली.

मागं, चांदूरबाजारकडं पडलेला पाऊस पूर्णेला जातो. पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. पुढं, मोर्शीकडं पडलेला पाऊस वर्धेला जातो. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला जाते आणि गोदावरी आंध्रातून बंगालच्या उपसागराला. एकाच ढगाचं पाणी. एखाद्या शेताच्या या धुऱ्यावर पडलं तर पश्चिमेचा समुद्र, त्या धुऱ्यावर पडलं तर पूर्वेचा. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही म्हणून मी भाच्यासमोर जरा खट्टू झालो होतो. आपण तर दोन समुद्रांच्या मधे बसलो आहोत.

पोस्टमनभाऊंनी सायकल स्टँडवर लावली. आजूबाजूला पाहिलं. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. एक बाभूळ, एक पडका नाला, मोसंबीच्या रोपांची ट्रॉली चाललेली. ते म्हणाले, "म्हनजे इथं पान्याची सॉर्टिंग होते म्हना की."

इतकं नेमकं भूगोलाच्या तासाला मला कधी सांगता आलं नव्हतं. मी पस्तीस वर्षं 'जलविभाजक' शब्द फळ्यावर लिहून पोरांकडून पाच वेळा उतरवून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी वरूडच्या पुढं, शेंदूरजनाघाटच्या वाटेवर माझं मागचं चाक बसलं. सराटा. बाभळीचा काटा निदान दिसतो तरी, सराटा टायरमधे जाऊन गुपचूप बसतो. बगिच्यातल्या एका शेतकरीभाऊंनी हाक मारली, "या इकडे, हौदावर या." ट्यूब हौदात बुडवून बुडबुडे पाहिले. एक नाही, तीन छिद्रं. पोस्टमनभाऊंनी घासून, सोल्युशन लावून, ठिगळं बसवली. मी पंप मारला. माझी निवृत्तीनंतरची योग्यता एवढीच.

ठिगळ सुकेपर्यंत गप्पा. जानेवारीचा शेवट होता. मृगाची, म्हणजे पावसाळी बहराची फळं रंगावर आलेली आणि आंबिया, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या बहरासाठी तहानलेल्या ठेवलेल्या झाडांना पाणी दिलेलं, म्हणजे एकाच बगिच्यात पिकती फळं आणि पहिला फुलोरा. त्या वासात बसून पंक्चर काढणं हे सुख आहे. शेंदूरजनाघाट म्हणजे कलमांचं गाव, रोपवाटिकाच रोपवाटिका. त्यांनी कलम दाखवलं. खाली जंभेरीचा खुंट, त्याच्यावर संत्र्याचा डोळा बांधलेला. संत्रा स्वतःच्या मुळावर आपल्या जमिनीत टिकत नाही, डिंक्या रोग धरतो. म्हणून मूळ आंबट जंभेरीचं, फळ गोड संत्र्याचं. मला भाच्यानं सांगितलेलं आठवलं. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या द्राक्षबागा फायलोक्सेरा नावाच्या किडीनं मुळांतून खाऊन टाकल्या. ती कीड अमेरिकेतून आली होती आणि उपाय पण अमेरिकेतूनच आला : तिकडच्या रानद्राक्षाचा खुंट, त्याच्यावर फ्रान्सची वेल. आज तिथल्या बहुतेक वेली परक्या मुळांवर उभ्या आहेत. हे मी त्या शेतकरीभाऊंना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "म्हनजे त्यायची द्राक्षं बी जंभेरीवरच हायेत."

मग पाण्याचं निघालं. वरूडला ड्राय झोन, म्हणजे जमिनीतलं पाणी उपसून संपत आलेला भाग म्हणतात, श्रोतेहो, हे वर्तमानपत्रात वाचलं की आकडा वाटतो. सायकलवर हिंडताना दर दोन-तीन बगिच्यांनंतर बोअरची गाडी उभी दिसते. एकाच शेतात तीन-तीन बोअर, दोन आटलेल्या. वाळून चाललेली झाडं रस्त्यावरून ओळखू येतात, शेंड्याकडून उघडी पडतात. त्यांचा दहा वर्षांचा बगीचा त्यांनी मागल्या साली तोडला. तोडताना बाई घरातून बाहेर आली नाही, असं त्यांनी सांगितलं आणि विषय बदलला.

"खाली धरन भरेल हाये," ते थोड्या वेळानं म्हणाले, "अन् वरती आमची बोर कोरडी." पोस्टमनभाऊ म्हणाले, "मंग कालवा?" तर ते म्हणाले, "पानी चढत नाई ना भाऊ."

आम्ही तीन दिवसांपूर्वी घाट चढून आलो होतो. पाणी चढत नाही म्हणजे काय, हे माझ्या मांड्यांना तेव्हा चांगलं ठाऊक होतं. सातपुड्यावर पाऊस पडतो, माडू, चुडामणी या नद्या त्याला घेऊन या बागांमधून उतरतात आणि वर्धेत घालतात. आणि ज्यांच्या धुऱ्यावरून ते गेलं त्यांना ते परत आणायला वीज लागते, पाइप लागतो, आणि ते मंजूर करणारा कोणी लागतो. उतारावर जिथं पाऊस पडतो तिथंच तो जिरवायचं काम मला कालव्यापेक्षा जास्त पटतं. चर खणायचे, नाले अडवायचे, विहिरी भरायच्या. पण हौदावर बसून, दुसऱ्याच्या पाण्यात आपली ट्यूब बुडवून, मी तो उपदेश त्यांना केला नाही. त्यांनी दिलेले चार संत्रे खाल्ले. बिया खिशात ठेवायची माझी लहानपणची सवय अजून गेलेली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सिंभोरा. धरणाला नल-दमयंती सागर असं नाव आहे, आणि नाव ऐकून हसू नका. काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ धुक्यात जातो, वारा सुटला की लाटा दगडांवर आपटतात. अमरावतीच्या लोकांच्या नळाला येतं ते हेच पाणी. याच्याखाली गावं गेली आहेत, तेही खरं. तिथला एक म्हातारा मासेमार जाळं सोडवत बसला होता. त्याला आम्ही विचारलं, खोल किती? तो म्हणाला, इथं आमच्या मामाची विहीर होती, तिच्यावर अजून दोन माणसं.

लांब पाण्यावर पट्टकादंब बसले होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असतात ते. हिमालय ओलांडून आपल्याकडं हिवाळा काढायला येतात. त्यांना कोणी विचारत नाही, गाडी बिगडली काय म्हणून.

भाच्यानं भूमध्य समुद्रात सायकलीचं पुढचं चाक बुडवून फोटो काढला होता. सायकलवाल्यांची तशी रीत आहे म्हणे. मी तो फोटो मोबाइलवर काढून पोस्टमनभाऊंना दाखवला. त्यांनी नीट पाहिला, आणि स्वतःची सायकल पाण्याच्या काठाला नेऊन मडगार्डखालचा चिखल हातानं धुवायला लागले. टायर फिरवून फिरवून पाहिलं, एक सराटा सापडला, तो नखानं उपटला.

"मास्तर, हे पानी कोठवर जाते म्हनले तुमी?"

"आंध्रात. राजमहेंद्रीच्या पुढं. समुद्राला."

त्यांनी मान वर करून धरणाच्या भिंतीकडं पाहिलं. तेरा दरवाजे. जानेवारीत कोणता उघडा असणार?

"सारे बंद हायेत ना जी," ते म्हणाले. "म्हनजे डाक इथंच पडून हाये."

त्यांनी चेनला तेल सोडलं, हात धोतराला पुसले, आणि आम्ही परत निघालो. चांदूरबाजारपर्यंत वारा उलटा होता.